तिसऱ्याला मारू नका, नकार द्या

प्रेमकथा लिहिणाऱ्या कादंबरीकारांना, पटकथाकारांना, मालिकांच्या कथा-संवादलेखकांना आणि त्यांच्या डोक्यावर बसून 'हा ट्रॅक आता गुंडाळा' म्हणणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

पत्र प्रेमकथेच्या शेवटाबद्दल आहे. पण शेवट गोड असावा की कडू, हा जुना वाद उकरून काढायला मी बसलेली नाही. ते दोघं एकत्र येतात की नाही, हा तुमचा प्रश्न. दोन्ही तऱ्हेचे शेवट मी आवडीने वाचते. माझं म्हणणं त्या दोघांबद्दल नाहीच. तिसऱ्याबद्दल आहे.

तिसरा म्हणजे ज्याच्याशी तिचं जवळजवळ ठरलेलं असतं तो. तो नसेल तर मधली दोनशे पानं उभी राहत नाहीत, म्हणून तुम्हीच त्याला आणता. तो सभ्य असतो, दिलेला शब्द पाळतो, तिच्या आजारी वडिलांची चौकशी करतो. निम्मे वाचक एव्हाना त्याच्या बाजूचे झालेले असतात. मग शेवट जवळ येतो आणि तुम्हाला घाम फुटतो: याचं आता करायचं काय? खरं तर उत्तर सोपं आहे. तिने त्याच्यासमोर बसावं आणि 'नाही' म्हणावं. नेमका हाच प्रसंग तुम्ही लिहीत नाही. तो लिहावा लागू नये म्हणून मात्र वाट्टेल त्या कसरती करता.

मारणं ही त्यातली सर्वांत जुनी. मरण उदात्त असेल तर आम्ही टाळ्याही वाजवतो. डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मधला (1859) सिडनी कार्टन घ्या. ल्यूसीवर त्याचं प्रेम आहे, ती दुसऱ्याची होते, आणि अखेर तिच्या नवऱ्याच्या जागी हा स्वतः गिलोटिनखाली मान देतो. डिकन्सने ते असं लिहिलंय की भले भले विरघळतात. पण एक गोष्ट बघा. कार्टन ल्यूसीजवळ मन मोकळं करतो तेव्हाच सांगून टाकतो की आपली लायकी नाही आणि आपल्याला काही मागायचंही नाही. तिच्यावर 'नाही' म्हणायची वेळच येत नाही. हिंदी पडद्यावर 'संगम'ने (1964) हाच गुंता पिस्तुलाने सोडवला. दोन मित्र, मध्ये राधा. एक मित्र, गोपाल, स्वतःला गोळी घालून घेतो आणि वाट मोकळी होते. राधेला काय हवं होतं, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही. कार्टनच्या आणि गोपालच्या पुढच्या पिढ्यांच्या नशिबी तर एवढंही भव्य मरण नाही. त्यांना ट्रक उडवतो.

ज्यांना मारायला जीव होत नाही ते तिसऱ्याला एका रात्रीत दुष्ट करतात. मालिकांमध्ये तर हे एका भागात उरकतं. सोमवारपर्यंत जो तिची बॅग उचलून मागे चालत होता, तो मंगळवारी आरशासमोर उभा राहून एकटाच हसतो, पार्श्वसंगीत बदलतं आणि आम्हाला कळतं की याचा हिशेब झाला. आधीच्या शंभर भागांत त्याच्या दुष्टपणाची एक खूण नसते. तुम्ही म्हणाल, तो मुळातच ढोंगी होता. मग ढोंगाची एखादी फट तरी दाखवायची होती! फट नव्हती, कारण तो ढोंगी आहे हे त्या मंगळवारपर्यंत तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

हा मोह लहानसहान लेखकांनाच होतो असं नाही. जेन ऑस्टिनही एकदा त्यात अडकली, असं माझं मत आहे. 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये (1814) फॅनी हेन्री क्रॉफर्डला नकार देते. नातेवाइकांच्या घरी आश्रयाला असलेली गरीब मुलगी, समोर श्रीमंत आणि लाघवी तरुण. घरातले सगळे तिला कृतघ्न ठरवतात, पण ती हलत नाही. ही पानं अप्रतिम आहेत. पुढे हेन्री खरोखर सुधारू लागतो, वाचकालाही तो आवडू लागतो, आणि ऐन त्या वेळी तो फॅनीच्याच विवाहित मावसबहिणीबरोबर पळून जातो. लेखिकेला हे किती अवघड गेलं असावं ते बघा: निवेदनातच ती कबूल करते की तो चिकाटीने टिकला असता तर फॅनी त्याला मिळाली असती. आणि फॅनीचं ज्याच्यावर प्रेम असतं तो मावसभाऊ एडमंड दुसरीला विसरून फॅनीकडे नक्की कधी वळला, याची तारीख द्यायचं ती हसत हसत टाळते. ज्याने त्याने आपापल्या मनाने ठरवावं म्हणते. ऑस्टिन होती म्हणून एवढा प्रामाणिकपणा. बाकीचे लेखक फक्त तारीख टाळतात.

तिसरी तऱ्हा त्यागाची, आणि तिची मुळं फार खोल आहेत. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र'मध्ये राणी धारिणी शेवटी स्वतःच मालविकेला राजाच्या हाती देते. श्रीहर्षाच्या 'रत्नावली'त वासवदत्ताही तेच करते. राजाला अनेक राण्या असत, निवड करायचा प्रश्नच नव्हता, हे मान्य. पण तो साचा टिकला आणि निवड करावी लागणाऱ्या काळातही वापरात राहिला. 'कुछ कुछ होता है'मध्ये (1998) ऐन लग्नाच्या वेळी नवरदेवच ओळखतो की वधूचं मन दुसरीकडे आहे, आणि तिला त्याच्या हवाली करतो. तिला तोंड उघडावं लागत नाही. प्रेक्षक म्हणतात, 'किती मोठ्या मनाचा!' असेलही. पण तिच्या वाट्याचं वाक्य त्याने बोलून टाकलं, त्याचं काय?

आणि ज्यांना मारणं, बिघडवणं, त्याग यांतलं काहीच जमत नाही, ते सरळ दुसरी जोडी लावून देतात. 1986 सालच्या 'प्रिटी इन पिंक' या अमेरिकी चित्रपटात मुळात नायिका आणि तिचा लहानपणापासूनचा मित्र डकी शेवटी एकत्र होते. चाचणी खेळाला आलेल्या प्रेक्षकांना ते रुचलं नाही. मग शेवट नव्याने चित्रित झाला आणि नायिका श्रीमंत मुलाकडे गेली. आता डकीचं काय? तर त्याच नृत्याच्या समारंभात एक अनोळखी सुंदर मुलगी त्याला खूण करते आणि तो तिच्याकडे जातो. तिला नाव नाही, मागचं-पुढचं काही नाही. डकीच्या हातात काहीतरी हवं म्हणून ती तिथे आहे. लेखक जॉन ह्यूजेस यांना स्वतःलाही हे खटकलं असावं, कारण पुढच्याच वर्षी त्यांनी स्त्री-पुरुषांच्या भूमिका उलट्या करून तीच गोष्ट पुन्हा लिहिली, आणि त्या वेळी मैत्रीण जिंकली. आपल्याकडच्या मालिकांत हे काम नायिकेची धाकटी बहीण करते. ती बिचारी कॉलेजात असते, तिला कोणी विचारत नाही.

या सगळ्या तऱ्हा मी निरखून पाहिल्या तेव्हा त्यांत एकच भीती दिसली. चांगल्या माणसाला 'नाही' म्हणणारी नायिका आम्हाला वाईट वाटेल, अशी तुम्हाला धास्ती आहे. म्हणून नकारासाठी सबळ कारण हवं. तो मेला, हे कारण; तो नीच निघाला, हे कारण; त्यानेच सोडून दिलं, हे तर फारच सोयीचं कारण. पण 'तू चांगला आहेस आणि तरीही माझं तुझ्यावर प्रेम नाही' हे कारण तुम्हाला अपुरं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक नकारांना तेवढंच कारण असतं. आणि प्रेमाचा अर्थच जर निवड असा असेल, तर दुसऱ्याला नाकारल्याशिवाय पहिल्याला निवडलं असं म्हणायचं कसं? रस्त्यात दुसरं कोणी उरलंच नाही म्हणून ती त्याच्याकडे गेली, एवढंच तुम्ही दाखवता. मग त्या दोघांच्या मिलनात दम राहत नाही, आणि मालिका संपताना तुम्ही सनई कितीही वाजवा, आम्ही फोन बघत बसतो.

जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची आपली हौसही जुनीच. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला पुरता ओळखतो आणि तरीही भर सभेत नाकारतो. ती त्याला खडे बोल सुनावते. तिचं ते बोलणं कोणत्याही नाटककाराला हेवा वाटावा असं आहे. अखेर आकाशवाणी होते तेव्हा तो तिला स्वीकारतो. कालिदासाने तिथे दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. राजा विसरला, मग दोष कोणाचा? ऋषीचा. त्यातून नितांतसुंदर नाटक झालं, त्याबद्दल माझी बोलायची प्राज्ञा नाही. पण आज डोक्याला मार लागून ज्यांची स्मृती जाते आणि महाएपिसोडच्या दिवशी परत येते, ते सगळे त्या शापाचेच लांबचे नातेवाईक आहेत, आणि तुमच्याकडे कालिदासाची लेखणी नाही.

'कॅसाब्लांका'चं (1942) नाव घेतलं की बरेच जण हळवे होतात. मीही होते. विमानतळ, धुकं, आणि रिक आपल्या प्रेयसीला तिच्या नवऱ्याबरोबर विमानात बसवून देतो. त्या काळच्या हॉलिवूडच्या नीतिनियमांच्या संहितेत विवाहितेने नवऱ्याला सोडून प्रियकराकडे राहणं पडद्यावर चालण्यासारखं नव्हतं, तेव्हा शेवटाचा कल तसा ठरलेलाच होता. मला खटकतं ते वेगळंच. त्याआधीच ती प्रेयसी, इल्सा, रिकला सांगून टाकते की आता बरं-वाईट मला कळेनासं झालंय, आपल्या दोघांचा विचार तूच कर. आणि तो करतो. जगातल्या सर्वांत गाजलेल्या प्रेमत्रिकोणात ज्या बाईने निवड करायची, तिने ती केलेलीच नाही. एवढा देखणा शेवट, आणि त्यात तिचा निर्णय नाही.

आता ज्यांनी तो प्रसंग लिहिला, त्यांच्याकडे वळते.

'लिटल विमेन'चा पहिला भाग 1868 साली आला आणि लगेच वाचक मुलींची पत्रं सुरू झाली: या बहिणी कोणाशी लग्न करणार? जो आणि लॉरी यांचं जमणार ना? लुइसा मे अ‍ॅल्कॉट वैतागली. कोणाला खूश करण्यासाठी आपण जोचं लग्न लॉरीशी लावणार नाही, अशी नोंद तिने रोजनिशीत केली. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, आणि त्यात तिने तिसऱ्याला ना मारलं, ना बिघडवलं. तिने त्या दोघांना समोरासमोर उभं केलं. लॉरी बोलणार हे जोला कळतं, ती त्याला थांबवू बघते, तो थांबत नाही. मी प्रयत्न करून पाहिला पण मला तसं वाटत नाही, असं ती सांगते. दोघंही तापट, सुखात राहणार नाही, असंही सांगते. तो वाद घालतो, त्या म्हाताऱ्या प्रोफेसरावर तुझं प्रेम आहे असा आरोप करतो, ती चिडते. शेवटी तो तणतणत नदीकडे निघून जातो. कोणी कोणाला आशीर्वाद देत नाही. कोणाचं काही चुकलेलं नाही आणि तरी दोघं रक्तबंबाळ आहेत. दीडशे वर्षं झाली, वाचक अजून त्यावर भांडतात. तुमच्या कोणत्या ट्रकवर कोणी इतकं भांडलंय?

पुढे लॉरीचं लग्न धाकट्या बहिणीशी, एमीशी, होतं. म्हणजे मी वर जिची टर उडवली तीच युक्ती. फरक हा की अ‍ॅल्कॉटने त्यासाठी युरोपातली प्रकरणंच्या प्रकरणं खर्ची घातली. नकारानंतर लॉरी आळसात लोळतो, एमी त्याला तोंडावर फटकारते, तो दुखावतो, हळूहळू ताळ्यावर येतो. ज्यांना ते लग्न पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण एमी ही खूण करणारी निनावी मुलगी नाही.

त्याहून मोठा धडा टॉलस्टॉयकडे आहे. 'अ‍ॅना कॅरेनिना'च्या सुरुवातीलाच लेव्हिन किटीला मागणी घालतो आणि ती त्याला नाही म्हणते. तिचं लक्ष व्रॉन्स्कीकडे लागलेलं असतं. दोनचार वाक्यांत सगळं आटोपतं. लेव्हिन आपल्या शेतीवाडीवर परततो. तिथे तो काय करतो? जगतो. शेती सुधारायचे बेत आखतो, मजुरांबरोबर गवत कापतो, चिडतो, लाजतो, तो दिवस आठवला की त्याला ओरडावंसं वाटतं. नकार मिळालेल्या माणसाला टॉलस्टॉयने जवळजवळ अर्धी कादंबरी देऊन टाकली. पुढे किटी त्याची होते, पण ती झाली नसती तरी तो माणूस म्हणून पुरा होता.

असा माणूस आपल्या गोष्टींत जवळपास दिसत नाही, आणि माझा राग खरा तिथे आहे. आपल्या पडद्यावर नकाराला दोनच अर्थ आहेत. नायकाला मिळाला तर तो पहिली पायरी: तिच्या मागे फिरायचं, गाणी म्हणायची, तिचा रस्ता अडवायचा, मध्यंतरापर्यंत ती हो म्हणतेच. दुसऱ्या कोणाला मिळाला तर तो सूडाची ठिणगी. 'नाही' ऐकलं, वाईट वाटलं, काही दिवस जेवण गेलं नाही आणि मग आपल्या कामाला लागला, असा साधा मनुष्य तुम्ही लिहीतच नाही. वास्तवात मात्र तोच सगळीकडे आहे. आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी तो असतो.

नकाराचा पुढे होकार होऊच नये, असंही मी म्हणत नाही. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या (1813) डार्सीला एलिझाबेथ पुस्तकाच्या मध्यावर झाडून काढते. तो काय करतो? तिच्या आरोपांना उत्तर देणारं एक पत्र देतो आणि निघून जातो. तिच्या धाकट्या बहिणीला संकटातून सोडवतो ते तिला कळू न देता. दुसऱ्यांदा विचारतो तेव्हाही सांगतो की तुझं मन बदललं नसेल तर एक शब्द पुरे, पुन्हा हा विषय काढणार नाही. होकार असा कमवायचा असतो. आणि हिंदी सिनेमाला हे झेपत नाही असंही नाही: 'हम दिल दे चुके सनम'ची (1999) नायिका शेवटी पहिल्या प्रियकरासमोर उभी राहून स्वतःच्या तोंडाने त्याला सांगते की ती नवऱ्याकडे चालली आहे. नवऱ्याकडेच का, यावर मी तासभर भांडू शकते. पण ते ती बोलते.

तुमची अडचण मला समजते. नकाराच्या प्रसंगात घडत काहीच नाही. दोन माणसं बसलेली असतात, एक बोलतं, दुसरं ऐकतं. थप्पड नाही, पाऊस नाही, कोणाची आई दारामागून ऐकत नाही. कॅमेऱ्याने कुठे जायचं हाही प्रश्नच. शिवाय त्या नटाचे चाहते असतात, चॅनेलला ते गमवायचे नसतात, आणि मालिका वाढवायची ठरली तर तिसरा पुन्हा लागेल म्हणून त्याला नीट निरोप द्यायची कोणाची तयारी नसते. पण नाट्यशास्त्रात पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, सांगितल्या आहेत, त्यांतली शेवटची निर्वहण. आधी पेरलेली, वाढलेली, विखुरलेली बीजं तिथे फलापाशी एकत्र येतात. तिसरा हे तुम्हीच पेरलेलं बीज आहे. ते इतर बीजांबरोबर फलापर्यंत न आणता उपटून कुंपणाबाहेर टाकलं, तर तो शेवट कसला?

म्हणून एवढंच मागते. पुढची गोष्ट लिहाल तेव्हा कटकारस्थानं आणि अपघात ठरवायच्या आधी तो एक प्रसंग लिहून काढा. तिला कारण जमवून देऊ नका. जे खरं असेल तेच तिला बोलू द्या, अडखळत का होईना. त्याला चिडू द्या. लगेच 'तू सुखी राहा' म्हणायला लावू नका, ते वाक्य आम्हाला पाठ आहे. त्याने विचारलेल्या एखाद्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसेल तर नसू द्या. आणि शेवटाच्या आधी कुठेतरी तो पुन्हा एकदा दिसू द्या, दोन ओळी का होईना, आपलं काहीतरी करताना. हे सगळं लिहून झाल्यावरही अपघाताची गरज वाटली तर खुशाल घाला.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. तिसरी बाई असेल तर तुम्ही तिच्याशी याहून वाईट वागता. तिचे केस आधीच आखूड केलेले असतात, तिला इंग्रजी बोलायला लावलेलं असतं, नोकरीत तिची बढती झालेली असते, म्हणजे ती वाईट हे पहिल्याच दिवशी कळावं. तिलाही एक सरळ, समोरासमोरचा नकार मिळू दे. तो नायकाने स्वतः द्यावा. आईकरवी नको, मित्राकरवी नको, आणि पत्र पाठवून तर नकोच.